अक्कलकोट रोडचे पायपवाले अण्णा आणि सिएराचं पॉवर स्टिअरिंग

सोलापुरात जुन्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगचा प्रेशर पाईप (पंपाचं दाबाचं तेल स्टिअरिंगच्या बॉक्सपर्यंत नेणारा) हवा असेल, तोही इंजिन बदललेल्या गाडीचा, तर पार्टच्या दुकानांतून चपला झिजवू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत जेसीबी, ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्रांचे होज, म्हणजे तेलाचा दाब सोसणाऱ्या रबरी नळ्या, बनवून देणारं एक दुकान आहे, तिथं जा. पाटीवर मालकाच्या नावापेक्षा ‘हायड्रॉलिक होज पाईप’ हीच अक्षरं मोठी आहेत आणि आजूबाजूला कुणालाही ‘पायपवाले अण्णा’ विचारलं की बोट दाखवतात. क्रिंपिंगचं, म्हणजे होजच्या टोकाला लोखंडी फिटिंग दाबून बसवण्याचं, काम एक नंबर. पण मोटारगाडीच्या स्टिअरिंगला जेसीबीपेक्षा काय वेगळं लागतं, ते मात्र त्यांना आपणच सांगायचं. हे दुसरं ज्याला जमेल त्याचं काम तिथं चोख होतं. ज्याला जमणार नाही त्याला मजबूत, कधीही न फुटणारा आणि गाडीत बसवल्यावर कटकट करणारा पाईप मिळेल.

माझी गाडी टाटा सिएरा, १९९५ ची. दोन दारं, मागं छतापर्यंत वळलेल्या मोठ्या बंद काचा, आणि त्यामुळे मे महिन्यात मागं बसणाऱ्याला शिक्षा. बायको तिला ‘तुमचं फिशटँक’ म्हणते. मी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. लूम, कॉम्प्रेसर, बॉयलरची लाइन हे रोजचं असल्याने पाना धरायची सवय आहे. मूळचं १९४८ सीसीचं बिनटर्बोचं डिझेल इंजिन थकलं होतं, बोअर करून झालं होतं, पुन्हा करण्यात अर्थ नव्हता. त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन १९९८ साली आलेल्या पहिल्या सफारीत होतं. तसं एक, भंगारात निघालेल्या सफारीतलं, कागदपत्रांसकट मिळालं. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद. कंपनी तीच, इंधन तेच, त्यामुळे एमएच १३ च्या कार्यालयात कागद सरकायला फार त्रास झाला नाही. तो विषय इथं संपवतो, कारण खरी अडचण बॉनेटखाली होती.

पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स आधीच्या मालकाने बसवलेला. पंप मात्र नव्या इंजिनाबरोबर सफारीचा आला. पंपाची जागा वेगळी, पाईप निघायचं तोंड वेगळ्या दिशेला, शेवटची जोडणी वेगळी. जुना पाईप पंपापर्यंत पोचत नव्हता. सफारीचा पोचत होता, पण त्याची वळणं चॅसिसच्या भलत्याच ठिकाणी आपटत होती आणि बॉक्सच्या बाजूला त्याचं टोक बसत नव्हतं. म्हणजे पंपाकडचं टोक सफारीचं, बॉक्सकडचं टोक जुन्या गाडीचं, आणि मधला भाग कुणीतरी बनवून द्यायचा. इंजिन बदललेल्या प्रत्येक गाडीत ही गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. काँटेसावाल्यांना विचारा, जीपवाल्यांना विचारा.

याआधी एका गॅरेजमध्ये मला सांगण्यात आलं होतं की दोन्ही पायपांचे लोखंडी तुकडे कापून मध्ये रबरी नळी घालू आणि वरून क्लिपा आवळू. रिटर्नच्या बाजूला, म्हणजे तेल टाकीत परत जातं तिथं, हे चालतं, तिथं दाब दोन-चार बारच्या वर जात नाही (बार हे दाबाचं माप). प्रेशरच्या बाजूला चालत नाही. गाडी सरळ रस्त्यावर असते तेव्हा पंप आरामात असतो. पण पार्किंग करताना चाकं पूर्ण वळवून स्टिअरिंग टोकाला धरलं की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत दाब चढतो. माझ्या पंपाचा नंतर गेज लावून बघितला तेव्हा तो ८५ बारच्या आसपास निघाला. क्लिपेखालून नळी सुटली तर स्टिअरिंग जड होईल, तेवढ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं. लाल एटीएफची, म्हणजे स्टिअरिंगमधल्या तेलाची, चिळकांडी गरम टर्बोवर गेली तर गाडी पेटते. त्या गॅरेजातून मी हात जोडून निघालो.

अण्णांचं दुकान म्हणजे एक लांबट गाळा. दारातच होजची भेंडोळी, डाव्या भिंतीला फिटिंगचे खण, आणि आत हिरवं क्रिंपिंग मशीन. बसायला जागा नाही. एका उलट्या क्रेटवर गिऱ्हाईक आणि दुसऱ्यावर चहाचे कप. दुकानात तेलुगू, कानडी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात चालते, सोलापूरकराला यात नवल नाही. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटले की मार्चपर्यंत, तिथं ऊसतोडणी यंत्रवाले रांग लावून असतात. फडात मशीन उभं राहिलं की त्यांचं तासाला नुकसान होतं, त्यामुळे आपल्या हौसेच्या गाडीला कुणी विचारत नाही. हंगाम संपल्यावर जा. मी उन्हाळ्यात गेलो म्हणून अण्णांनी निवांत बघितलं तरी.

“काय आणलाव साहेब?” म्हणत त्यांनी दोन्ही जुने पाईप हातात घेतले. गाडीचं मॉडेल विचारलं नाही. आधी दोन्ही टोकांचे आटे बघितले.

इथं जे झालं ते सविस्तर सांगतो, कारण माझं या दुकानाबद्दलचं मत तिथंच ठरलं. बॉक्सकडचं टोक बँजोचं, म्हणजे पोकळ बोल्ट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या वॉशर. बोल्टचे आटे थोडे खाल्लेले होते म्हणून नवा लागणार होता. दुकानातल्या पोराने खणातून एक बोल्ट काढून दिला. जुन्या बोल्टशेजारी धरला तर जाडी सारखीच दिसत होती. अण्णांनी तो त्याच्या हातातून घेतला, व्हर्निअर लावला, मग आट्यांवर पिच गेजची पात टेकवून ट्यूबलाइटकडे धरून बघितलं. पातीच्या दातांतून उजेड दिसत होता. बोल्ट तीन अष्टमांश बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश पाईप-आट्याचा होता; यात तीन अष्टमांश हे नुसतं नाव, बोल्टची जाडी नाही. त्याची बाहेरची जाडी १६.६६ मिलिमीटर, इंचाला १९ आटे. माझ्या बॉक्सला हवा होता एम १६ बाय १.५, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीचा आणि दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर (पिच) असलेला. म्हणजे पिचमधला फरक मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढा आणि जाडीतला फरक अर्ध्याहून थोडा जास्त. अशा जोडीत एखाद-दोन आटे धरल्यासारखे वाटतात, मग अडतं, आणि मग लांब पाना लावून ‘बसवणारे’ लोक असतात. बॉक्सच्या बीडाचे आटे गेले की बॉक्सच गेला. अण्णा पोराला तेलुगूत काहीतरी बोलले, त्याने मान खाली घालून दुसरा खण उघडला.

जिथं आटा डोळ्याने ओळखत नाहीत, मोजतात, त्या दुकानावर माझा विश्वास बसतो. आमच्या कारखान्यात एअर लाइनच्या फिटिंगवरून हेच रडगाणं असतं, म्हणून मला याची किंमत कळते.

पंपाकडच्या टोकाला मी सफारीचाच लोखंडी पाईप ठेवायचं ठरवून गेलो होतो. पंपाला बसणारं टोक कंपनीचं, वळण कंपनीचं, तिथं हात लावायचा नाही. फक्त पंपापासून वीतभर अंतरावर सरळ भागात कापायचा आणि तिथून पुढं होज. प्रश्न होता लोखंडी पाईप आणि होज जोडायचे कसे. मी गॅस ब्रेझिंगचा विचार करत होतो. अण्णा म्हणाले, ब्रेझिंग नको, इर्मेटो लावू. इर्मेटो म्हणजे कटिंग रिंगची जोडणी. नट आवळला की आतली कडक रिंग पायपाच्या अंगात दात रोवते. उष्णता नाही, आतमध्ये खपली पडत नाही, पुन्हा उघडता येतं. पण आधी त्यांनी पायपाचा बाहेरचा व्यास मोजला. १० मिलिमीटर भरला तेव्हाच हो म्हणाले. तीन अष्टमांश इंची पाईप असता तर तो ९.५२ मिलिमीटर, आणि १० च्या रिंगेत तो पुढंमागं कधीतरी निसटलाच असता. १० मिलिमीटरच्या हलक्या सिरीजच्या इर्मेटोचा आटाही एम १६ बाय १.५ च असतो, त्यामुळे सगळी गाडी एका आट्यावर आली.

पाईप हॅक्सॉने काटकोनात कापून घेतला, आतली-बाहेरची धार काढली, रिंगेला तेल लावून शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून नट आवळला, मग नट परत सोडून मला दाखवलं. रिंग बोटाने गोल फिरत होती पण पुढंमागं सरकत नव्हती. बरोबर बसलेल्या रिंगेची खूण हीच. त्यांनी ती न विचारता दाखवली, हे मला आवडलं.

आता होज. दुकानात तेव्हा होता तो नेहमीचा हायड्रॉलिक होज, तीन अष्टमांश इंची, तारेच्या विणीचे दोन थर असलेला, ज्याला हे लोक आर-टू म्हणतात. युरोपच्या मापात टू एसएन. याची कामाची मर्यादा ३३० बार आणि फुटायची मर्यादा त्याच्या चौपट. माझा पंप ८५ ला धापा टाकतो. ताकदीचा प्रश्नच नाही. गाडी गॅरेजातून हलवायची होती, त्यामुळे तोच घेतला. पण त्याच्याबद्दल तीन गोष्टी सांगतो. जेसीबीत त्या कुणाला जाणवत नाहीत, गाडीत जाणवतात.

पहिली म्हणजे वळण. या होजला १३० मिलिमीटरपेक्षा आखूड त्रिज्येत वाकवायचं नसतं. जेसीबीच्या बूमवर १३० मिलिमीटर काहीच नाही, पण सिएराच्या चॅसिस आणि इंजिनाच्या मध्ये तेवढी जागा शोधताना घाम निघतो. दुसरी, लांबी. दाब आला की तारेचा होज थोडा आखडतो किंवा किंचित लांबतो, चार टक्क्यांपर्यंत आखडू शकतो. शिवाय डिझेल इंजिन बंद करताना जो हिसका देतं तो वेगळा. त्यामुळे मापाने ताणून बसवलेला होज चालत नाही, थोडी ढील पाहिजे. मी घरून वेल्डिंगच्या जुन्या केबलचा तुकडा वळणावळणाने बसवून, दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाची खूण करून नेला होता. केबल जाडीला आणि ताठपणाला होजच्या जवळ जाते, सुतळीसारखी फसवत नाही. अण्णांनी केबल जमिनीवर सरळ केली, मापली आणि माझ्या मापात आपलं दोन बोटं वाढवलं. “इंजिन हलतं ओ, त्याला जागा द्या की,” एवढंच.

आणि तिसरी गोष्ट आवाजाची. तिच्याकडे येतोच.

क्रिंपिंग बघायला उभे राहा, हाकलत नाहीत. होज चक्रीवर कापला की जळक्या रबराचा वास आणि आत काळी भुकटी. ही भुकटी स्टिअरिंग बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये गेली तर तिथल्या केसाएवढ्याही नसलेल्या फटी धरून बसते. पोराने नुसती हवा मारली. मी म्हटलं डिझेलने धुवा, मग हवा. त्याने तोंड वाकडं केलं, पण धुतलं. मग होजच्या टोकावर खडूने खूण, निपल (आत जाणारी पोकळ लोखंडी नळी) तेल लावून खुणेपर्यंत आत ढकललं, वरून फेरूल (बाहेरचं लोखंडी कडं), आणि सगळं मशीनच्या जबड्यांत. भिंतीवर तेलकट झालेला तक्ता लावला आहे, कुठल्या होजला फेरूल किती मिलिमीटरपर्यंत दाबायचं त्याचा. जबडे आठ बाजूंनी एकत्र येतात, एक गुंगणारा आवाज, आणि फेरूल दबलेलं बाहेर. अण्णांनी व्हर्निअर दोन ठिकाणी लावला, मग होज उजेडाकडे धरून आत डोळा लावला. निपलचं भोक आत दबून लहान झालं नाही ना, ते बघायला. एका टोकाला बँजो आणि दुसऱ्या टोकाला फिरता नट ठेवला, त्यामुळे बसवताना होजला पीळ पडत नाही. बँजो आधी हव्या त्या कोनात आवळायचा, मग दुसरीकडचा नट. होजवर छापलेली रेघ सरळ दिसली पाहिजे. रेघ मलखांबावर चढलेली दिसली तर सोडून पुन्हा.

दाबाची चाचणी ते आपणहून करत नाहीत, मागावी लागते. हातपंप आणि गेज आहे. माझ्यासमोर २०० बारला धरून ठेवला, गेजचा काटा हलला नाही. जेसीबीवाल्यांना घाई असते म्हणून कुणी मागत नसेल. गाडीचा पाईप असेल तर मागाच.

रिटर्नच्या बाजूला एक सूचना. तिथं दाब नसतो म्हणून लोक हाताला येईल ती नळी लावतात, त्यात हीटरची नळी फार. रेडिएटर आणि हीटरच्या नळ्यांचं रबर बहुतेक ईपीडीएम असतं, त्याला पाणी चालतं, तेल चालत नाही. एटीएफमध्ये ते फुगतं, मऊ पडतं, आणि एक दिवस क्लिपेच्या कडेने ओघळ सुरू. माझ्या गाडीतली अशी एक नळी मी काढली तेव्हा ती बोटाने दाबली तर ठसा राहत होता. अण्णांकडे तेल चालणारी नळी मीटरवर मिळते, तीच घ्या. टाकीतून पंपाकडे जाणारी नळी जाड आणि आखूड ठेवा. तिथं पंप तेल ओढतो, वाट चिंचोळी झाली की हवा धरतो आणि तेलाचा फेस होतो.

बसवलं. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकाकडून त्या टोकाकडे सावकाश फिरवत, टाकीत एटीएफ घालत, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. मग इंजिन चालू. एक थेंब गळाला नाही. इर्मेटो कोरडा, बँजो कोरडा, फेरूल कोरडं. मी टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवला होता, सकाळी पांढराच. जोडणीच्या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

पण आवाज. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवलं की मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरवल्यासारखी घरघर, ती थेट स्टिअरिंगच्या दांड्यातून हातात. सरळ जाताना काही नाही. टोकाला नेलं की बायकोनेही विचारलं, हे काय ओरडतंय? हवा राहिली असेल म्हणून पुन्हा काढली, बेल्ट बघितला, तेलाची पातळी बघितली. सगळं ठीक.

कारण होज हेच होतं. स्टिअरिंगचा पंप तेल सलग धारेत सोडत नाही, त्याच्या पात्या एकामागोमाग ढकलतात, त्यामुळे दाबात बारीक बारीक ठोके असतात. गाड्यांच्या कंपन्या प्रेशरच्या बाजूला जो होज लावतात तो मुद्दाम थोडा फुगणारा असतो. ठोके तो आपल्या अंगात जिरवतो. काही गाड्यांत तर होजच्या आत आणखी एक बारीक नळी घातलेली असते, निव्वळ आवाज मारण्यासाठी. एसएई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संघटनेचं या फुगणाऱ्या होजसाठी वेगळं मानक आहे, जे १८८. दोन तारांचा हायड्रॉलिक होज याच्या उलट. त्याचं कामच न फुगणं. त्यामुळे पंपाचा प्रत्येक ठोका जसाच्या तसा बॉक्सपर्यंत आणि तिथून हातात. शिवाय साध्या हायड्रॉलिक होजची तापमानाची मर्यादा १०० अंश, स्टिअरिंगच्या होजची १२० च्या आसपास. टर्बोच्या शेजारी, सोलापूरच्या उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये, मला तो २० अंशांचा फरक हवा होता.

अण्णांना सांगितलं तर त्यांचं उत्तर: “आवाज तर येणारच की ओ. जेसीबीला येत नाही का?” आता यावर काय बोलणार. त्यांची बाजूही बरोबर आहे, आयुष्यभर ज्या यंत्रांचे पाईप बनवले त्यांत कुणी पाईपच्या आवाजाची तक्रार घेऊन आलेलं नाही. दोन्ही हातांनी कप धरून ते बराच वेळ मी सांगितलेलं ऐकत होते. मग म्हणाले, तुम्ही म्हणता तो होज कसा दिसतो ते दाखवा. सफारीच्या जुन्या पायपाचा रबरी भाग उभा चिरून दाखवला. आत तार नव्हती, नायलॉनच्या सुताची दुहेरी वीण होती. आम्ही दोघंही सोलापूरचे, सूत बघितल्यावर हात लावून बघायचा मोह कुणालाच आवरला नाही. अण्णांनी नखाने एक धागा उसवून ताणूनही बघितला. “एवढ्यावर ८५ बार?” त्यांना पटेना. होजवर छापलेला आकडा वाचला तेव्हा पटलं.

असा होज सोलापुरात मीटरवर मिळाला नाही. अण्णांनी भोसरीच्या त्यांच्या माल देणाऱ्याला फोन लावला. सुटा मिळेना, छोटा रोल घ्यावा लागणार होता. रोल त्यांनी स्वतःच्या पैशाने मागवला, माझ्याकडून फक्त माझ्या तुकड्याचे घेतले. कुठला दुकानदार एका सिएराच्या मालकासाठी हे करतो सांगा. वेळ लागला, मध्ये दोनदा ‘उद्या येतो’ झालं, पण आला.

सुताच्या विणीच्या होजला तारेच्या होजचा तक्ता चालत नाही. बाहेरची जाडी वेगळी, फेरूल किती दाबायचं ते वेगळं. कमी दाबलं तर निसटतं, जास्त दाबलं तर सूत कापलं जातं. इथं अण्णांनी घाई केली नाही. आधी वाया तुकड्यावर क्रिंप केलं, हातपंपावर दाब दिला, मग तोच तुकडा कापून आतली वीण कुठं चिरडली का ते बघितलं, मशीनची सेटिंग थोडी सैल केली, पुन्हा एक तुकडा केला. मनासारखं झाल्यावर माझा पाईप. चाचणी १५० बारला, होजवर छापलेल्या आकड्याच्या हिशोबाने. बँजो बोल्ट आणि इर्मेटो पहिल्या वेळी बसवलेलेच, फक्त तांब्याच्या वॉशर नव्या.

घरघर गेली. पूर्ण गेली असं म्हणणार नाही. एकदम टोकाला धरलं तर हलकी कुरकुर येते, ती कंपनीच्या गाडीतही येते आणि टोकाला पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त धरायचंही नसतं. होजवर टर्बोच्या बाजूला फायबरची स्लीव्ह चढवली आहे, ती मात्र दुसरीकडून आणावी लागली.

पैशाचं सांगतो. तारेचा होज दोन्ही टोकांसह १,४५० रुपये, इर्मेटोचं जोडकाम आणि बोल्ट धरून ४५०, रिटर्नची नळी क्लिपांसह ३२०. दुसरा, सुताच्या विणीचा होज टोकांसह १,९००. पहिल्याचे पैसे परत मागितले नाहीत, त्यांनी दिलेही नाहीत, ते बरोबरच. मी सांगितलं तसं त्यांनी बनवून दिलं होतं. तारेचा होज आता डिकीत असतो. कंपनीचा नवा पाईप मिळाला असता तरी तो माझ्या गाडीत बसला नसता, त्यामुळे महाग-स्वस्तची तुलना कशाशी करायची हा प्रश्नच आहे.

तक्रारी आहेत. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं की जीएसटीचा विषय निघतो. तयार पायपाच्या टोकांना टोप्या लावत नाहीत, उघडा पाईप वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. मी प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड घेऊन जातो. फोनवर ‘झालंय, या’ म्हणतात तेव्हा झालेलं असेलच असं नाही. दुपारी जेवणाच्या वेळी अण्णा नसतात आणि पोरगा एकटा असतो. त्याचा हात चांगला आहे, पण आटे अजून डोळ्याने ओळखतो. अण्णा असतील तेव्हाच काम द्या.

जाताना दोन्ही जुने पाईप, बँजोचे बोल्ट आणि वळवलेली केबल घेऊन जा. गाडीचं नाव सांगून उपयोग नाही, त्यांना नाव कळत नाही, आटा कळतो. आणि ‘स्टिअरिंगचा होज, तार नको’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर सवयीने हात तारेच्या भेंडोळ्याकडेच जातो. भोसरीहून आलेल्या त्या रोलमधला बराचसा होज अजून मागच्या खुंटीला लटकतोय, अण्णा मला दर वेळी विचारतात की आणखी कुणाची अशी जुनी गाडी आहे का. सुमो, इस्टेट, आर्माडा, काँटेसा, कुणाची असेल तर तो संपायच्या आत गाठा. पुन्हा रोल मागवायला ते तयार होतील का, याची मी खात्री देत नाही.